ऑनबोर्डिंग, मिनिट्स, समन्वय सगळं माझ्याकडे, आणि प्रमोशनला ‘टेक्निकल डेप्थ’ कमी. काय करावं?

प्रश्न: रात्रीचा_पेजर

नमस्कार. बॅकएंडमध्ये ११ वर्षं झाली. सध्या पेमेंट्सच्या टीममध्ये सीनियर आहे आणि स्टाफ इंजिनिअरच्या (सीनियरच्या वरच्या पायरीच्या) जागेसाठी प्रयत्न चालू आहे. ९ जणांच्या टीममध्ये आम्ही दोघीच, त्यातली दुसरी अगदी नवीन.

मागच्या आठवड्यात प्रमोशन दुसऱ्यांदा नाकारलं. कारण लेखी आलं: ‘टीमला सांभाळून घेते, संवाद उत्तम, पण टेक्निकल डेप्थ दिसली नाही.’ त्या रात्री मी सहा महिन्यांचं कॅलेंडर उघडलं आणि एकेक नोंद वहीत उतरवली. चार नवीन लोकांचं ऑनबोर्डिंग, म्हणजे त्यांना कामात रुळवणं, चारही वेळा मी. आउटेजनंतरची, म्हणजे सिस्टीम बंद पडल्यावर काय चुकलं ते लिहिण्याची, सात पोस्टमॉर्टेम, त्यातली सहा माझ्या हातची. सोमवारच्या मीटिंगच्या मिनिट्स (काय ठरलं त्याची टिपणं) माझ्याकडे कधी आल्या तेही नीट आठवत नाही. ‘तू छान लिहितेस’ असं कुणीतरी म्हणालं होतं, एवढंच. इंटर्नच्या मुलाखती, ऑपरेशन्सवाल्यांशी समन्वय. सगळी बेरीज केली तर आठवड्याला १४ तास भरतात.

त्याच सहा महिन्यांत आमच्याकडे एक वाईट बग होता. ग्राहकाचे पैसे कधीकधी दोनदा कापले जायचे. रिट्राय झाला, म्हणजे अडलेली विनंती पुन्हा पाठवली गेली, की रिक्वेस्ट आयडी (त्या विनंतीचा ओळख क्रमांक) नव्याने तयार व्हायचा, त्यामुळे सर्व्हरला ती वेगळीच विनंती वाटायची. हे कारण मी शोधलं. आयडी एकदाच तयार करायचा आणि प्रत्येक रिट्रायला तोच पाठवायचा, हे डिझाइनही माझं. चार पानी डॉक लिहिला होता. पण कोड लिहायच्या आठवड्यात दोन नवे लोक रुजू झाले, मी त्यांच्यात अडकले, आणि कोड सहकाऱ्याने लिहिला. डेमो त्यानेच दिला. माणूस चांगला आहे, डेमोत त्याने माझं नाव घेतलंही. पण प्रमोशनच्या कागदावर ते काम त्याच्या नावावर आहे.

मॅनेजर म्हणतात, ‘नाही म्हणायला शीक.’ मागे एकदा मिनिट्सना नाही म्हटलं होतं. दोन आठवडे कुणीच लिहिल्या नाहीत, एक ठरलेली गोष्ट विसरली गेली, आणि माझ्या रिव्ह्यूमध्ये वाक्य आलं, ‘सहकार्याची वृत्ती कमी झाल्यासारखी वाटते.’

मला ही कामं हलकी वाटत नाहीत. नवीन माणसाचा कोड पहिल्याच आठवड्यात प्रॉडक्शनला जातो तेव्हा मला खरंच आनंद होतो. पण त्याची नोंद कुठेच होणार नसेल तर ती दरवेळी माझ्याच वाट्याला का? पुढचं रिव्ह्यू चार महिन्यांवर आहे. नोकरी सोडायची नाही, ही सिस्टीम मी पहिल्या दिवसापासून उभी केली आहे. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा.

उत्तर १: सरळ_बोला

मॅनेजरचं बरोबर वाटतं. मीही सुरुवातीला सगळं अंगावर घ्यायचो. दोनतीनदा ठाम नकार दिला, मग कुणी विचारेनासं झालं.

उत्तर २: कमिटीतली_सहा_वर्षं

वरच्या भावाला एवढंच सांगते, तोच नकार तिने दिला तेव्हा काय झालं ते तिने लिहिलंच आहे. यावर अभ्यास झालेला आहे. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रयोग प्रसिद्ध केला: कुणालाच नको असलेलं पण कुणीतरी करायलाच हवं असं काम गटासमोर ठेवलं. स्त्री-पुरुष एकत्र असले की बायका जास्त वेळा पुढे आल्या. गटात फक्त पुरुष किंवा फक्त बायका असल्या की तो फरक गेला. म्हणजे हा बायकांचा स्वभाव नाही. बायका घेतील अशी सगळ्यांची अपेक्षा असते, त्यांची स्वतःचीही. आणि काम कुणाला सांगायचं हे मॅनेजरवर सोडलं तेव्हा पुरुष मॅनेजर असो की बाई, बायकांनाच जास्त विचारलं गेलं. त्यामुळे हे ताईंनी एकटीने नकार देऊन सुटणारं नाही. वाटप करणाऱ्याने बदलायला हवं.

ताई, मी इंजिनिअरिंग मॅनेजर आहे आणि प्रमोशन कमिटीत सहा वर्षं बसते. आमच्यासमोर माणूस नसतो, कागद असतो. त्यावर ‘टीमला सांभाळून घेते’ असं लिहिलं की ती ओळ वाचून पुढे जातात, मीही कितीतरी वेळा गेले आहे. तेच ‘पैसे दोनदा कापले जाण्याचं मूळ कारण शोधलं, डिझाइन ठरवलं, त्यानंतर तक्रारी इतक्यावरून इतक्यावर आल्या’ असं लिहिलेलं असेल तर चर्चा थांबते. तुमचा डॉक आहे, त्यावर तारीख आणि नाव आहे. तो जोडा. कोड लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडून दोन ओळी मागा. त्याने डेमोत नाव घेतलं आहे, तो देईल.

डेमो आणि श्रेय यांचं नातं जुनं आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनियाक हा अमेरिकेतला सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक जगासमोर आला, तेव्हा दाखवलेला प्रोग्राम बेटी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज यांनी तयार केला होता. त्यानंतरच्या मेजवानीला दोघींनाही बोलावलं नाही. मला हे वाचलं तेव्हा फार लागलं होतं.

‘डेप्थ दिसली नाही’ हे वाक्य तसंच घेऊ नका. शांतपणे विचारा, ‘कुठल्या दोन कामांत ती दिसली असती तर तुम्ही हो म्हटलं असतं?’ उत्तर मेलवर मागा. किरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये टेक कंपन्यांतली २४८ रिव्ह्यू तपासली. टीका पुरुषांच्या ५८.९ टक्के रिव्ह्यूमध्ये होती, बायकांच्या ८७.९ टक्के. त्यातही पुरुषांना कुठलं कौशल्य वाढवा हे सांगितलेलं असायचं, बायकांच्या बाबतीत बोट बऱ्याचदा स्वभावावर. तुमचं ‘सहकार्याची वृत्ती’ त्यातलंच.

आणखी एक. कमिटीच्या खोलीत तुमच्यासाठी बोलणारं कोण आहे? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण स्वतःचा शब्द खर्च करून ‘हिला हे काम द्या’ म्हणणारी व्यक्ती लागते. मॅनेजर नसतील तर शेजारच्या टीमचे प्रिन्सिपल इंजिनिअर असतील. त्यांना तो डॉक आत्ताच वाचायला द्या, चार महिन्यांनी नको.

उत्तर ३: रोस्टरवाला

मी टीम लीड, पुरुष. माझ्या टीममध्ये हेच चालू होतं आणि मला दिसत नव्हतं. मी मीटिंगमध्ये ‘कोण घेतंय?’ विचारायचो आणि थांबायचो. मला ते न्याय्य वाटायचं. दरवेळी पाच सेकंदांच्या शांततेनंतर एकाच सहकारी बाईंचा हात वर यायचा. त्या टीम सोडून गेल्या तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं. फार उशीर झाला होता.

त्यानंतर विचारणं बंद केलं. मिनिट्स, पोस्टमॉर्टेम, ऑनबोर्डिंग सगळं नावांच्या अक्षरक्रमाने, मीही त्यात. पहिले दोन महिने मिनिट्स वाईट होत्या. ‘ज्याला जमतं त्यालाच देऊ या’ असं दोघांनी सुचवलं. नाही दिलं. न जमणाऱ्यालाच पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहायला लावलं. आता जमतं. ऑनबोर्डिंगचा डॉक जिथे अडतो तिथे दुरुस्त करणं हे नव्या माणसाचंच पहिलं काम केलं, त्यामुळे एकाच्या डोक्यावरचा भार कमी झाला. ताई, तुमच्या मॅनेजरना हे दाखवलंत तरी चालेल.

रात्रीचा_पेजर

सगळ्यांचे आभार. १४ तासांचा हिशेब आणि अक्षरक्रमाची यादी घेऊन मॅनेजरकडे गेले. हिशेब ते बराच वेळ बघत होते. यादी तीन महिने चालवून बघू म्हणाले. ‘कुठली दोन कामं’ याचं उत्तर मेलवर आलं आहे: लेजरचं (व्यवहारांच्या हिशेबवहीचं) नव्या सिस्टीमवर मायग्रेशन आणि रिट्रायचं डिझाइन बाकीच्या सर्व्हिसेसना लागू करणं. दुसरं तर अर्धं माझ्या डॉकमध्येच आहे. सहकाऱ्याने दोन ओळी मागताच लिहून दिल्या, दोनाच्या सहा झाल्या.

काल मीटिंगमध्ये मी मिनिट्स लिहिणार नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा आमच्या नव्या मुलीकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही आणि तिने लॅपटॉप जवळ ओढलाही. हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी तिला थांबवलं आणि यादी स्क्रीनवर लावली. पहिलं नाव मॅनेजरचं होतं. मिनिट्स त्यांनी लिहिल्या.