आरडीएस कस्टमवर एसक्यूएल सर्व्हर : कुणी चालवलाय का?

कुंडईकर
नमस्कार मंडळी. गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचं पॅकेजिंगचं युनिट आहे, तिथलं आयटी मी बघतो, म्हणजे प्रिंटरच्या शाईपासून सर्व्हरपर्यंत सगळंच. ईआरपी (धंद्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) जुनं, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ स्टँडर्ड या डेटाबेसवर चालतं, आणि सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत, पाऊस सुरू झाला की लाइटचा खेळ रोजचाच. मालकांचं म्हणणं चवथीआधी क्लाउडवर न्या. अ‍ॅमेझॉनचं साधं आरडीएस (डेटाबेस भाड्याने, देखभाल त्यांची) घ्यायचं ठरलं होतं पण ईआरपीवाला म्हणतो आमच्या सॉफ्टवेअरला सिसअ‍ॅडमिन (डेटाबेस सर्व्हरवरचे पूर्ण अधिकार) लागतो, आणि तिथे तो मिळत नाही. मग आरडीएस कस्टम सापडलं. सिसअ‍ॅडमिन पण मिळतो, विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपने शिरता पण येतं आणि बॅकअप वगैरे तेच बघतात म्हणे. हे एवढं सरळ आहे का, की कुठे पाणी मुरतंय?

पाटो_डीबीए
मुरतंय, पण आधी एक सांगा, सिसअ‍ॅडमिन नेमका कशाला हवाय ते वेंडरकडून लेखी घेतलंत का? "लागतो" हे सगळेच म्हणतात कारण त्यांचा इन्स्टॉलर एसए (सर्वाधिकारी) लॉगिनने चालतो. एजंटचे जॉब, लिंक्ड सर्व्हर, रिपोर्टिंग सर्व्हिसेस हे सगळं साध्या आरडीएसवरही चालतं. अडतं ते फाइलस्ट्रीम (मोठ्या फाइली डेटाबेसमार्फत डिस्कवर ठेवणं), एक्सपी सीएमडीशेल (डेटाबेसमधून विंडोजच्या कमांड चालवणं) आणि सीएलआरवर (डेटाबेसच्या आत .नेटचा कोड चालवणं). सीएलआर साध्या आरडीएसवर २०१६ पर्यंतच आणि तेही सेफ मोडमध्ये (कोडने बाहेरच्या फाइली-नेटवर्कला हात लावायचा नाही), २०१७ पासून नाहीच. यातलं काही नसेल तर कस्टमच्या वाटेला जाऊ नका, उगाच विकतचं दुखणं.

कुंडईकर
विचारलं. सीएलआर आहे, जीएसटीच्या ई-इनव्हॉइससाठी त्यांनी डीएलएल (कोडची फाइल) बनवलीय, तीही अनसेफ. ती बदलून देणार का विचारलं तर नुसते हसले.

पाटो_डीबीए
मग कस्टमचा विचार करायला हरकत नाही. पण २०१६ तिथे नाही, २०१९ किंवा २०२२ घ्यावं लागेल. २०१६ चा बॅकअप वरच्या आवृत्तीत रिस्टोअर होतो पण परत खाली येता येत नाही, तेव्हा ईआरपी नवीन आवृत्तीवर आधी इथेच चालवून बघा. तसंही २०१६ चा मायक्रोसॉफ्टचा एक्स्टेंडेड सपोर्ट जुलै २०२६ पर्यंतच.

तयारीचं बोलायचं तर साध्या आरडीएससारखं चार क्लिकांत होत नाही. केएमएसची (अ‍ॅमेझॉनची किल्ल्या सांभाळणारी सेवा) सिमेट्रिक की लागते, एन्क्रिप्शन बंद करायची सोयच नाही. आयएएमचा इन्स्टन्स प्रोफाइल (मशीनला दिलेल्या परवानग्या) लागतो आणि त्याचं नाव एडब्ल्यूएसआरडीएसकस्टम या अक्षरांनीच सुरू व्हायला हवं, हे वाचलं नाही तर इन्स्टन्स का बनत नाही म्हणून डोकं धरून बसाल. व्हीपीसीतून (तुमचं तिथलं खासगी नेटवर्क) एस३, सिस्टम्स मॅनेजर, सीक्रेट्स मॅनेजर, क्लाउडवॉच या अ‍ॅमेझॉनच्या सेवांपर्यंत वाट हवी, प्रायव्हेट सबनेट (इंटरनेटला थेट न जोडलेला भाग) असेल तर एंडपॉइंट टाकून. हे हाताने करत बसू नका, अ‍ॅमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन टेम्प्लेट (ही मांडणी आपोआप करणारी फाइल) आहे ते चालवा.

म्हापशेकर२
तयारी एकदाच होते हो. खरा त्रास नंतर, त्यावर कुणी बोलत नाही. एका हॉटेलवाल्या क्लायंटकडे हेच चालवतोय म्हणून लिहितो.

मशीन तुमच्याच अकाउंटमध्ये ईसी२ (अ‍ॅमेझॉनचं भाड्याचं व्हर्च्युअल मशीन) म्हणून दिसतं, म्हणून ते तुमचं असं वाटतं, पण तसं नाही. भाड्याच्या घरात भिंतीला रंग लावा, खिळा ठोका, पण बीम तोडू नका, तसं आहे ते. ईसी२च्या स्क्रीनवरून स्टॉप-टर्मिनेट करायचं नाही, डिस्क काढायची-जोडायची नाही, अ‍ॅमेझॉनचा देखरेखीचा एजंट थांबवायचा नाही. डेटाबेसच्या फाइली डी ड्राइव्हवर आरडीएसडीबीडेटाच्या आतल्या डेटा फोल्डरमध्येच. आमच्याकडे एका मुलाने जागा कमी पडते म्हणून नवीन डेटाबेसची फाइल सी वर बनवली, इन्स्टन्स लगेच अनसपोर्टेड कॉन्फिगरेशनमध्ये गेला. म्हणजे डेटाबेस चालू असतो, बिलही चालू असतं, फक्त अ‍ॅमेझॉन म्हणतं आधी नीट करा मग आम्ही बघू. फाइल हलवली तेव्हा सुटलो.

सी ड्राइव्हचं अजून एक. होस्ट (डेटाबेसचं मशीन) बदलला गेला की सी वरचं सगळं जातं. तुमची डीएलएल डेटाबेसमध्ये रजिस्टर झालेली असते म्हणून ती वाचते, पण ईआरपीवाल्याने कुठली कॉन्फिग फाइल किंवा प्रिंटर ड्रायव्हर सी वर टाकला असेल तर गेला. ते टिकवायचं तर स्वतःची मशीन इमेज (तयार मशीनची नक्कल) बनवून त्यावरून कस्टम इंजिन व्हर्जन करायचं. तेवढी हौस नसेल तर निदान काय काय टाकलंय त्याची यादी ठेवा.

आणि काहीही इन्स्टॉल करायच्या आधी अ‍ॅमेझॉनचं ऑटोमेशन पॉज करा. कमीत कमी ६० मिनिटं, जास्तीत जास्त १,४४० मिनिटं म्हणजे एक दिवस. तेवढ्या वेळात मॉनिटरिंग आणि आपोआप सावरणं बंद असतं हे मालकांना आधी सांगून ठेवा. विंडोजचे पॅच तुमच्याकडेच, ते अ‍ॅमेझॉन करत नाही. आणि डिस्क आपोआप वाढत नाही, हाताने वाढवली की कमीही करता येत नाही, म्हणून सुरुवातीला बेताची घ्या.

सांत_इनेज
एवढं सगळं स्वतःच करायचं तर सरळ ईसी२वर एसक्यूएल सर्व्हर का नको?

म्हापशेकर२
ज्याच्याकडे डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) आहे त्याने तेच करावं, माझंही मत तेच. पण कुंडईकरांकडे एकच माणूस आहे आणि तोच प्रिंटरही बघतो. ठरावीक वेळेपर्यंतचं रिस्टोअर आणि मल्टी-एझेड (दुसऱ्या ठिकाणी राखीव जोडीदार मशीन) तयार मिळतंय, तेवढ्यासाठी कस्टमचे नियम पाळणं परवडेल.

कुंडईकर
लाखमोलाचं बोललात दोघंही. लायसन्सचं काय, आमचं जुनं स्टँडर्डचं आहे ते चालेल?

पाटो_डीबीए
तासाच्या भाड्यातच लायसन्स धरलेलं पॅकेज घ्या, जुन्या लायसन्सचा हिशोब त्यात घालू नका. वेब एडिशन स्वस्त दिसेल, त्याच्या मोहात पडू नका, ती पब्लिक वेबसाइटसाठी आहे, ईआरपीसाठी नाही. मुंबई रीजन घ्या आणि चवथीचं विसरा, आधी २०२२ वर ती डीएलएल चालते का तेवढं बघा.