माय ऊसतोडीला चालली, बीपीच्या गोळीचं सहा महिने कसं करायचं?

धारूरची लेक: दसरा झाला की माय-आबा कोल्हापूरकडं कारखान्याला जातात. यंदा आशाताईंनी तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी लावली, त्यात मायचा बीपी 168/104 निघाला. आठवड्यानं पुन्हा बघितला, तरी तेवढाच. उपकेंद्रातून ॲम्लोडिपिन सुरू झालंय, महिन्याच्या गोळ्या मिळतात. पण आता टोळी हलणार. उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, खाडा केला की पैसे कापले जातात, दवाखान्यात जाणार कधी? वर ती म्हणते, "डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कशाला?" मागच्या हंगामात आमच्या गल्लीतल्या एका काकूंना फडातच लकवा मारला. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय.

परभणीची सिस्टर: ताई, काही दुखत नाही म्हणूनच हा आजार घात करतो. गोळी बंद केली की बीपी पुन्हा चढतो. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बाहेरगावी चाललोय, जास्त महिन्यांच्या गोळ्या द्या. तरी संपल्याच, तर चिठ्ठी दाखवून तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. ऑगस्ट 2023 पासून तिथं तपासणीला, औषधाला पैसे लागत नाहीत. चिठ्ठीचा फोटो आबांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि एक विचारते, माय कंबरदुखीच्या गोळ्या खाते का?

कोयतेवाला, जालना: बायकोचंही हेच आहे. पहाटे भाकरी थापायला बसली की आधी गोळी. पाकीट पिठाच्या डब्याशेजारीच ठेवलंय, त्यामुळं विसरत नाही. मीठ कमी करा म्हणतात, पण फडात भाजी कुठली? ठेचा-भाकरीच. मग ठेच्यातलं मीठ निम्मं केलं, शेंगदाणे वाढवले. पापड-लोणचं गावाकडूनच नेत नाही.

धारूरची लेक: सिस्टर, कंबरेची गोळी रोज रात्री घेते, मेडिकलवाला देतो ती. मिश्रीही लावते. आता घोट्याला सूज आलीय, तर म्हणते बीपीच्या गोळीनंच आली.

परभणीची सिस्टर: ॲम्लोडिपिननं घोट्याला सूज येऊ शकते. डॉक्टर डोस कमी करतील नाहीतर दुसरी गोळी देतील, पण मनानं बंद करायची नाही. कंबरेचं पाकीट सोबत न्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असलं तर त्यानंही बीपी चढतो, किडनीवर ताण येतो, आणि बीपीची गोळी घेऊनही आकडा उतरत नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती सुटायलाच हवी. आबांना एवढं सांगून ठेवा: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडं बोलायला लागली, तर कोपीत झोपवून वाट बघायची नाही, लगेच 108 ला फोन. मायला उद्याच केंद्रात न्या, टोळी हलायच्या आत.