मदत हवी आहे : जर्मनीत भरितासाठी कोणती वांगी घ्यावीत?

नमस्कार मंडळी. मी मूळचा जळगावचा असून सध्या जर्मनीत राहतो. मला खरेदीची मुळीच आवड नाही. त्यातच येथे रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्यामुळे शनिवारच्या गर्दीत आठवड्याचे सामान भरावे लागते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली भरिताची वांगी आई-वडिलांना सहज आणता येणार नाहीत, कारण युरोपीय संघात ताज्या भाजीसोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. येथील काळी वांगी भाजल्यावर फार पाणी सोडतात, आणि ते भरीत खरोखर घशाखाली उतरत नाही. तुर्की किंवा आशियाई दुकानात नेमके कोणते वांगे पाहावे, तसेच भरितासोबतच्या कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी ज्वारी व उडदाचे प्रमाण किती घ्यावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे, म्हणजे एकाच फेरीत सारे आणता येईल.