सापळ्यात सापडला म्हणून तो चोरच का?

बांधावरचा:
परवा सकाळी शेजारच्या सोयाबीनमधला प्रकाश सापळा बघितला. टबात रॉकेलचं पाणी, वर पतंगांचा खच, आणि मालक खूश की बघा किती पाखरं मारली. मी काडीनं एकेक उचलून बघितलं तर स्पोडोप्टेराची, म्हणजे पानं खाणाऱ्या अळीची, पाखरं दहा-बारा, बाकी तो तागावरचा पांढरा लाल-काळ्या ठिपक्यांचा पतंग, एक भलामोठा हॉकमॉथ, ढालकिडे, आणि मावा खाणारी क्रायसोपासुद्धा. भारतात पतंगांच्या दहा हजारांवर जाती, त्यातल्या पिकाला खरा त्रास देणाऱ्या मूठभर. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय आपलं? सापळा संध्याकाळी 7 ते 10 लावा न बंद करा, रात्रभर जाळू नका.

कापूसकोंड्या:
भाऊ, तुम्ही शेती करता का फोटो काढता? 2017 ची गुलाबी बोंडअळी विसरले का? बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरलेली न कापसाची कवडी, वेचायला बाया यायला तयार नाही कारण दिवसभर वाकूनही वजन भरत नाही. आणि हे सगळं करणारं पाखरू केवढं, तर नखाएवढं. त्यामुळं दिसलं की मारायचं, जात-कुळी विचारत बसायला वेळ कोणाला आहे.

मोहाचं झाड:
पण दादा गुलाबीसाठी जातच बघावी लागते ना. कामगंध सापळ्यातल्या लूरला, म्हणजे मादीचा वास लावलेल्या आमिषाला, त्याच जातीचे नर येतात, सलग 3 रात्री सापळ्यामागं रोज 8 पतंग आले की मग फवारणी. ते न मोजता शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं, पैसे कोणाचे जातात? दुसरं, आपण ट्रायकोकार्ड विकत आणून पानाला टाचतो ते काय असतं, तर धान्यातल्या पतंगाची अंडी, ज्यात ट्रायकोग्रामा, म्हणजे पतंगांच्या अंड्यांवर जगणारा बारीक किडा, वाढवलेला असतो. म्हणजे शेतात बिनउपद्रवी पतंगांची अंडी असतील तर हा बारका मित्र फुकटात टिकतो.

नगदी पीक:
आता कोणीतरी येईल न सांगेल की पपईचं परागीभवन हॉकमॉथ करतो 😀 करतो, पण आमच्या रेड लेडी 786 पपईच्या उभयलिंगी झाडाला त्याची गरज नाही. उगाच प्रत्येक किड्याला देव्हाऱ्यात बसवू नका. तिळावर ती शेपटाला शिंग असलेली बोटाएवढी अळी येते ना, ती पण हॉकमॉथचीच.

बांधावरचा:
देव्हाऱ्यात कोण बसवतंय, टबात बुडवू नका एवढंच म्हणतोय. आणि कापूसकोंड्या, खरं सांगा, बीटी कपाशीच्या, म्हणजे झाडातच बोंडअळी मारणारं विष असलेल्या वाणाच्या, 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी यायचं, ते कडेनं लावलं होतं का? बीटी न खाल्लेले साधे पतंग शेतात राहावेत, बीटी पचवलेल्यांशी त्यांचा संकर व्हावा, म्हणजे अळी लवकर निर्ढावणार नाही, यासाठीच होतं ते.

कापूसकोंड्या:
नाही लावलं. गावात कोणी लावलं तेही दाखवा. अळीसाठी राखीव तासं सोडायची हे तेव्हा दुकानदारानंही धड समजावलं नाही, पाकीट कोपऱ्यात पडून राहिलं. वरून वेचणी झाल्यावरही कपाशी मार्चपर्यंत फरदड म्हणून उभी ठेवली, ते मात्र आमचंच चुकलं. पण सापळ्याचं नाही पटत, रात्री 10 ला तो बंद करायला शेतात जायचं कोण, वाटेत रानडुकरं.

मोहाचं झाड:
सोलरचा टायमरवाला येतो की, आपोआप बंद होतो.

कापूसकोंड्या:
कितीला?