पाचटाचा धूर सॅटेलाइटला दिसतो का?

पाचटाच्या (उसाच्या वाळलेल्या पाल्याच्या) धुरानं पोरांना श्वासाचा त्रास होतो का, हे शोधायचं तर सॅटेलाइटचा डेटा फुकट मिळतो, तो पोरांच्या दवाखान्यातल्या नोंदींना जोडला की झालं काम, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. एवढं सोपं नाय ओ. आमच्या सांगलीतल्या वाळवा तालुक्यात ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात, आमच्या शिवारात तरी बहुतेक सांजच्याला वारा पडल्यावर, आणि आग टिपणारे ते व्हिअर्सवाले (व्हिअर्स म्हणजे त्यांच्यावरचा आगीची उष्णता ओळखणारा कॅमेरा) सॅटेलाइट डोक्यावरून जातात दुपारी नि रात्री दीडच्या आसपास, म्हणजे सहाला पेटवलेलं नवापर्यंत राख, नकाशावर कायच नाही आणि सकाळी दोरीवरच्या लंगोटांवर ही काळी काजळी.

दुसरं म्हणजे गाळप हंगाम आणि थंडी एकदमच येतात. भाच्याला डिसेंबरात घरघर लागली ती धुरानं का व्हायरसनं, नुसता ग्राफ बघून कसं सांगणार? त्याच आठवड्यात जिथं तोड नव्हती अशी गावं शेजारी ठेवून बघायला पाहिजेत, आमच्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी जतकडची वगैरे (तिकडं धूळ, ते आणि वेगळंच!).

एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) वापरणार असाल तर त्यात गावांचं लोकेशन मुद्दाम हलवलेलं असतं, ग्रामीण भागात बहुतेक ५ किमीपर्यंत, कुणाची ओळख पटू नये म्हणून. बरोबरच आहे, पण ५ किमीत आमच्याकडं नदीकाठाचा ऊस संपून माळ लागतो, मग गाव धुरातलं का माळावरचं ते कळणार कसं?

मी सध्या पडवीत स्वस्तातला पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) मोजणारा सेन्सर टांगलाय. पहाटे धुकं पडलं की आकडे उगाच फुगतात, म्हणून शेजारच्या रकान्यात आर्द्रता पण लिहितोय.