प्रतिसाद : पहिलं पिस्तूल घेताना

दादा, मुलगा चौदाचा, नेमबाजी शिकायचीय आणि कुणीतरी 'कराडहून पुण्याला जा नि भारीतलं घेऊन टाक' म्हणतंय, असं तुम्ही लिहिलंय. थांबा जरा. आधी तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर काढू द्या.

४.५ मिमीच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, ती काळजी सोडा. स्प्रिंगचं स्वस्त पडतं, पण छर्रा नळीतून सुटायच्या आतच धक्का बसतो. १० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमीचं, तिथं हा धक्का नडतो. स्पर्धेचा विचार असेल तर दाबहवेच्या सिलिंडरचंच घ्या. पण सिलिंडर साताऱ्यात भरून कुठं मिळेल, ते पैसे द्यायच्या आधी विचारा. आम्ही नंतर विचारलं!

खरी गोष्ट मुठीची. माझ्या लेकीला मधल्या मापाची मूठ दिली, तर अंगठ्याखाली बोटभर फट. पिस्तूल दर नेमाला डावीकडं वळायचं आणि आम्ही बिचारीच्या डोळ्याला दोष देत बसलो. शेवटी लहान मूठ आणून लाकूड कानशीनं घासलं, तेव्हा कुठं हात बसला. मुलगा डावरा असेल तर मूठही डावरीच मागा.

वजन किलोच्या आसपास असतं. हात लांब करून मिनिटभर धरायला सांगा, नळीचं टोक थरथरलं की जड होतंय ते कळेल. घोडा ओढायला लागणारा जोर ५०० ग्रॅमच्या खाली नको, स्पर्धेत वजन लावून तपासतात.

घरी पेटीला कुलूप, छर्रे वेगळ्या कपाटात. एअर आहे म्हणून खेळणं नव्हे ते.