बिबट्याला अंधारात दिसतं ते कॅमेऱ्याला का नाही?

रानवाटा: उसाच्या बांधावर बिबट्या बसलेला, दिवस मावळून गेलेला, आयएसओ (फोटो उजळवायची सेटिंग) १२८०० ला नेला, एफ ५.६ ची झूम लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), तरी फोटोत नुसते दाणेच. त्याला मात्र व्यवस्थित दिसत होतं! कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर बदलू का?

घुबड_प्रेमी: त्याच्या रेटिनामागे (डोळ्यातल्या पडद्यामागे) चकचकीत थर असतो, टेपेटम ल्युसिडम म्हणतात, निसटलेला प्रकाश त्यावर आपटून परत रेटिनावर येतो. टॉर्च मारल्यावर डोळे चमकतात ते त्यामुळेच. पण त्यात प्रकाश थोडा पसरतो, बारकावे जातात. आपल्याला फोटोत एकेक केस पाहिजे असतो, त्याला फक्त भेकर हललं की कळायला हवं.

सह्याद्री७: सेन्सर बदलून फार फरक नाही पडणार रे. आत्ताचे सेन्सर पडलेल्या फोटॉनपैकी (प्रकाशकणांपैकी) निम्म्याहून जास्त पकडतात, मुळात फोटॉनच कमी येतायत म्हणून दाणे. एफ २.८ ची लेन्स भाड्याने घे, चौपट प्रकाश मिळेल.

पतंगवेडी: एलिफंट हॉकमॉथ हा निशाचर पतंग तर नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखतो, २००२ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने दाखवलंय!! तिथे आपल्याला सगळं करडंच दिसतं.

रानवाटा: मग भाड्याचीच बघतो, आभार सगळ्यांचे 🙏